मामाची पोरगी करायची आहे, पण बहीण अशी आहे म्हणून मामी घाबरते

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका भावाचं पत्र आहे. त्याची लहान बहीण जन्मापासून पांढरी, केस-भुवया भुरक्या, उन्हात डोळे उघडत नाही, यंदा दहावीला आहे. याला मामाची पोरगी सांगून आली, दोघांनाही पसंत. पण मामी म्हणते पुढची लेकरं अशीच झाली तर? आणि वरून, लग्नात बहिणीला फार पुढे आणू नका. आजी म्हणते, आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं.

भाऊ, आधी ग्रहणाचं मिटवून टाकू, तुझ्या आईनं इतकी वर्षं हे ऐकून घेतलं असेल. ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा काही संबंध नाही, हे कोड नाही, शिवल्यानं लागतही नाही. याला अल्बिनिझम म्हणतात. कातडी, केस, डोळ्यांना रंग देणाऱ्या मेलॅनिनच्या जीनची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून, आणि दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच लेकरू असं होतं. म्हणजे बाबांकडूनही आली, हे आजीला बाबांसमोरच सांग.

आता मामीचा पहिला प्रश्न, तो रास्त आहे, तिच्यावर चिडू नको. एकच प्रत बिघडलेली असली तर माणूस दिसायला नॉर्मल असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. तुझ्यात ती असण्याची शक्यता 3 मध्ये 2. नात्याबाहेरची मुलगी केली तर लेकरू तसं होण्याची शक्यता साधारण 400 मध्ये 1. पण मामाची पोरगी म्हणजे आईच्याच रक्तातली, तीच प्रत तिच्याकडेही असू शकते, म्हणून हिशोब 24 मध्ये 1 वर येतो, आणि घराण्यात आधीही नात्यात लग्नं झाली असतील तर अजून वाढतो. नागपूरला मोठ्या दवाखान्यात जेनेटिक काउन्सेलिंगची चौकशी कर, आधी बहिणीची रक्ताची टेस्ट होते, मग त्यावरून तुमची दोघांची. लग्न ठरायच्या आधी कर, नंतर नाही.

मामीची दुसरी अट मात्र मला अजिबात पटली नाही. पोरगी हुशारीत कुठंच कमी नसते, फक्त नजर कमी असते अन् ती चष्म्यानं पूर्ण सुधरत नाही, म्हणून फळ्यावरचं दिसत नाही आणि मास्तरला वाटते लक्षच देत नाही. तिला सिव्हिलला ने, डोळे तपासा, दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं तर प्रमाणपत्र घ्या, बोर्डाच्या पेपरला जादा वेळ मिळतो, शाळेत आत्ताच बोलून ठेव. कापूस वेचायला नेत असाल तर पूर्ण बाह्या, दुपट्टा, गॉगल, एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन, आभाळ असलं तरी. अंगावरची जखम आठवडे झाले तरी भरत नसेल तर लगेच स्किनच्या डॉक्टरला दाखव, या कातडीला कॅन्सरचा धोका जास्त असतो.

लग्न ठरलं तर गोरज मुहूर्त धरा, दुपारचा नको, म्हणजे करवली म्हणून तिला तुझ्या बाजूला नीट उभं राहता येईल, आणि हे मामीला आधीच फोन करून सांग.