यंत्रमागांच्या शेजारी राहून एसडीआरवरील गोंगाट कसा कमी करावा?

आपला प्रश्न मला असा समजला: यंत्रमागांच्या वस्तीत गच्चीवर अँटेनाची तार बांधून आपण आरटीएल-एसडीआर डाँगलवर (संगणकाला जोडायचा, सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) ७ मेगाहर्ट्झचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, पट्टा ऐकता. सॉफ्टवेअरमधील नॉइज रिडक्शन (गोंगाट घटवण्याची सोय) वाढवले की खरखर कमी होते, परंतु बोलणारा पाण्याखालून बोलत असल्यासारखा वाटतो. म्हणून यापेक्षा चांगले सॉफ्टवेअर कोणते, हे आपल्याला हवे आहे.

माझ्या मते सॉफ्टवेअर बदलून फारसे काही हाती लागणार नाही. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) पी.३७२ या शिफारशीतील सूत्र मांडले, तर निवासी वस्तीत ७ मेगाहर्ट्झवर मानवनिर्मित गोंगाट उष्णताजन्य पातळीच्या सुमारे ४९ डेसिबल वर येतो, तर चांगल्या एचएफ (लघुलहरी) रिसीव्हरचा नॉइज फिगर, म्हणजे त्याने स्वतः घातलेल्या गोंगाटाचे माप, १०-१५ डेसिबल असतो. गोंगाट तारेतूनच आत येत असल्यामुळे प्रीअँप्लिफायर लावल्यास तोही आवाजाइतकाच वाढतो.

नॉइज ब्लँकर (गोंगाटाचा टोचा येताच क्षणभर सिग्नल बंद करणारी सोय) आणि नॉइज रिडक्शन यांची गल्लत बरेच जण करतात. विजेच्या तारांवरील ठिणग्या ५० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात उमटतात, म्हणजे सेकंदाला साधारण शंभर टोचे बसतात. रुंद पट्ट्यात पाहिले तर असा टोचा काही मायक्रोसेकंदांचा असतो, तोच बोलण्यासाठीच्या २.४ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून गेला की पसरून अर्ध्या मिलिसेकंदाच्या घरात जातो आणि मग तो आवाजापासून वेगळा काढणे अवघड होते. म्हणून ब्लँकर फिल्टरच्या आधी बसला पाहिजे. एसडीआरचा खरा फायदा इथेच आहे, कारण सेकंदाला २४ लाख नमुन्यांचा संपूर्ण प्रवाह संगणकाच्या हाती असतो. मात्र ब्लँकरचा उंबरठा फार खाली आणला, तर शेजारच्या बलवान स्टेशनचे तुकडे पडून त्याचीच घाण साऱ्या पट्ट्यावर पसरते. मे महिन्यात वळवाच्या ढगांमुळे होणारा कडकडाट मात्र इतका लांबट असतो की ब्लँकर त्यापुढे हात टेकतो.

नॉइज रिडक्शन फिल्टरनंतर, ऐकू येणाऱ्या आवाजावर चालते. त्याचा जुना प्रकार विड्रो आणि हॉफ यांनी १९६० मध्ये मांडलेल्या एलएमएस पद्धतीवर आधारलेला आहे: थोड्या आधीच्या नमुन्यांवरून आताच्या नमुन्याचा अंदाज बांधायचा आणि अंदाजात बसेल तेवढेच ठेवायचे. स्वर अंदाजात बसतात, खरखर बसत नाही; पण ‘स’, ‘श’, ‘फ’ हे ध्वनी स्वतःच खरखरीसारखे असल्यामुळे तेही कापले जातात. ‘सहा’ आणि ‘सात’ यांतला ‘स’ गेला की स्टेशनचा कॉलसाइन (ओळखीची अक्षरे व अंक) घेणाऱ्याची काय फजिती होते, हे आपण अनुभवले असेलच. दुसरा प्रकार वर्णपटावर काम करतो. नुसती वजाबाकी केली तर मागे किणकिण उरते. एफ्राइम आणि मालाह यांच्या १९८४ च्या पद्धतीने ती बरीच घटते, आणि एसडीआर सॉफ्टवेअरांत वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूडीएसपी लायब्ररीतील ‘एनआर२’ त्याच वाटेवरचे आहे. या दोन्हींमुळे कानांचा शीण कमी होतो, परंतु गोंगाटाखाली बुडालेला शब्द वर येत नाही. मी स्वतः हा सरकपट्टा एक तृतीयांशाच्या पुढे नेत नाही.

त्यापेक्षा भरवशाचा लाभ पट्टा अरुंद करण्यात आहे. मोर्स ऐकताना २४०० हर्ट्झऐवजी ५०० हर्ट्झचा फिल्टर ठेवल्यास सुमारे ७ डेसिबल पदरात पडतात, आणि तेही अक्षर न बिघडवता.

डाँगल डायरेक्ट सॅम्पलिंगवर (तारेतील सिग्नल थेट अंकांत बदलण्याच्या पद्धतीवर) असेल तर गेनचा सरकपट्टा काहीच करत नाही, कारण ट्यूनर वगळला गेलेला असतो. आठ बिटांची आवाक्याची मर्यादा तत्त्वतः सुमारे ५० डेसिबल असल्यामुळे मध्यम लहरीवरील बलवान केंद्रे एडीसी (सिग्नलचे अंकांत रूपांतर करणारा भाग) भरून टाकतात; त्यामुळे जे ऐकू येते ते गोंगाटासारखे भासते, पण ते विकृतीकरण असते. डाँगलपुढे मध्यम लहरी अडवणारा फिल्टर लावल्याखेरीज त्यावर इलाज नाही.

आता गोंगाटाच्या उगमाचा शोध घ्या. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालवून वॉटरफॉल (पट्ट्यातील सिग्नल दाखवणारे सरकते चित्र) पाहा. गोंगाट आपल्याच घरातला आहे का हे पाहायचे असेल, तर मुख्य स्विच बंद करूनही हेच करता येते. माझ्या घरी ठराविक अंतरावर उभ्या आणि हळूहळू सरकणाऱ्या रेषा दिसत होत्या. दोषी निघाला लॅपटॉपचा चार्जर. तो काढल्यावर आणि कोअॅक्सची (अँटेनाकडून येणारी) केबल ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या फेराइट रिंगवर आठ-दहा वेढे गुंडाळल्यावर जे साधले, ते वर्षभर नॉइज रिडक्शनच्या मागे लागून साधले नव्हते. सारे बंद करूनही खरखर टिकली, तर ती शेजारच्या मागांच्या मोटारींच्या ड्राइव्हमधून (वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून) येत असावी. अशा वेळी लहान लूप अँटेना फिरवून पाहावा. एकाच दिशेने येणारा गोंगाट तो बऱ्यापैकी दाबतो. माग चारही बाजूंना असतील तर लूपचाही नाइलाज होतो, आणि मग तार गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, विजेच्या मीटरपासून शक्य तितकी दूर न्यावी.