कळसा नाल्याचं पाणलोट क्षेत्र आखायचंय?

पाणलोट क्षेत्र म्हणजे जिथलं पावसाचं पाणी त्या नाल्यात येतं तो भाग. उगम शोधत बसू नकोस, पाणी दोन्हीकडे फुटतं ती डोंगराची धार आधी शोध. हे शिकायला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीसारखी जागा नाही. माउलीच्या देवळाजवळची मलप्रभा नदी पूर्वेला निघते, कूडलसंगमला कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. तिथलाच कळसा नाला मात्र म्हादई नदीत उतरतो, म्हणजे गोवा आणि अरबी समुद्र. मधला उंचवटा फार नाही. म्हणून तर कळसाचं पाणी मलप्रभेत वळवायची योजना निघाली, आणि कर्नाटक-गोव्याचं भांडण 2018 च्या लवाद-निकालापर्यंत गेलं.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा घे. समोच्च रेषेचं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेचं) टोक चढाकडे वळलं की तिथे ओढा, उताराकडे वळलं की डोंगराची सोंड. सोंडांचे माथे जोडत गेलास की पाणलोटाची हद्द मिळते. काळी रेघ कोरड्या नाल्याची असते. ती सोडू नकोस, पावसाळ्यात तीच भरून वाहते. मोबाईलवरच्या नकाशाच्या भरवशावर राहू नकोस रे, दाट झाडीखालचे बारीक ओढे त्यात दिसतच नाहीत.

पुढे भीमगड अभयारण्यात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधीच काढ.