घनतेवरून आम्लाची संहती: सूत्र कुठे पुरतं, तक्ता कुठे लागतो

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत, ते आधी वेगळे करू. '९८%, घनता १.८४' असं छापलेल्या सल्फ्युरिक आम्लापासून ५०० मिली १ मोलार (लिटरला एक मोल आम्ल असलेलं) द्रावण कसं करायचं, हा पहिला. लेबल निघून गेलेल्या बाटलीतल्या सौम्य आम्लाची घनता १.२८ भरली, त्यावरून टक्के कसे काढायचे, हा दुसरा.

पहिल्याला साधं गणित पुरतं. लेबलवरचे टक्के वजनी असतात, म्हणजे १०० ग्रॅम द्रवात ९८ ग्रॅम आम्ल. आपण पिपेटने मोजतो मात्र मिलीत, म्हणून घनता लागते. एक लिटर द्रव १८४० ग्रॅम भरतो. त्यातलं आम्ल १८०३ ग्रॅम, भागिले ९८.०८ (एका मोल आम्लाचे ग्रॅम), म्हणजे १८.४ मोलार. तुम्हाला अर्धा मोल हवा, म्हणून २७.२ मिली घ्या. घनता विसरून १०० मिलीत ९८ ग्रॅम धरले, तर बाटली १० मोलार वाटते, ५० मिली घेतले जातात आणि द्रावण १.८४ मोलार होतं. प्रॅक्टिकलला ही चूक फार दिसते. आणि कृपा करून आम्लच पाण्यात घाला, थोडं थोडं, ढवळत. पाणी आम्लात कधीच नाही. पूर्ण गार झाल्यावरच खुणेपर्यंत भरा.

दुसऱ्या प्रश्नात खरी गोम आहे. पाणी आणि आम्ल यांची आकारमानं सरळ बेरजेने जुळतात असं धरून सूत्र मांडलं, तर १.२८ ला सुमारे ४८% येतात. खरं उत्तर २० अंश सेल्सिअसला ३७.४% च्या आसपास आहे. एवढा फरक पडतो, कारण मिसळताना द्रव आक्रसतो. ५० ग्रॅम शुद्ध आम्ल (२७.३ मिली) आणि ५० ग्रॅम पाणी (५०.१ मिली) एकत्र केलं, तर ७७.४ नव्हे, ७१.७ मिलीच भरतं. म्हणून इथे सूत्र नको, घनतेचा छापील तक्ता घ्या आणि जवळच्या दोन नोंदींमधून आपला आकडा काढा. टक्के मिळाले की पुन्हा पहिलंच गणित: १२८० × ०.३७४ ÷ ९८.०८, म्हणजे ४.९ मोलार.

तापमानाकडे काणाडोळा नको. या पट्ट्यात अंशामागे घनता साधारण ०.०००७ ने उतरते. तुमचं १.२८ हे वाचन ३२ अंशांना घेतलेलं असेल, तर २० अंशांना ते १.२८८ होतं आणि उत्तर जवळजवळ एक टक्क्याने वर जातं. साखर कारखान्यांत रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचे टक्के) घेतानाही तापमानाची दुरुस्ती करतात ती याचसाठी. (ब्रिक्सही वजनीच असतो. २० ब्रिक्सच्या साखरपाण्यात लिटरला २०० नव्हे, २१६ ग्रॅम साखर असते.) हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून घनता वाचायचं उपकरण) नसेल तर २५ मिलीचा मापन फ्लास्क रिकामा, मग पाण्याने आणि मग नमुन्याने भरून, एकाच तापमानाला तोला. चांगल्या तराजूवर हे वाचन हायड्रोमीटरपेक्षा भरवशाचं येतं.

संहत आम्लाला मात्र ही युक्ती लावू नका. ९८% ची घनता १.८३६, तर १०० टक्क्यांची १.८३०, म्हणजे उलट कमी. साधारण ९४% च्या पुढे एकाच घनतेला दोन उत्तरं निघतात. तिथे नमुना सौम्य करून प्रमाणित (संहती नेमकी माहीत असलेल्या) सोडियम हायड्रॉक्साइडशी टायट्रेशन करा, म्हणजे आम्ल पुरतं उदासीन व्हायला ते किती लागतं ते मोजा.