तीन पूल, तिन्ही 'सुरक्षित'

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तृतीय वर्षात शिकतो. शिकण्यासाठी दिलेल्या सॉफ्टवेअरवर ठरावीक उत्तराची उदाहरणे मला सहज जमतात. परंतु 'आवारातील ओढ्यावर पादचारी पूल सुचवा' एवढाच मजकूर असलेला प्रकल्प हाती आला, तेव्हा सुरुवात कुठून करावी हेच कळेना. शेवटी आम्हा तिघा मित्रांचे तीन निरनिराळे पूल तयार झाले आणि सॉफ्टवेअरने तिन्ही 'सुरक्षित' ठरवले. यांतला बरोबर कोणता?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तिन्ही बरोबर असू शकतील, पण 'सुरक्षित' या शेऱ्यावरून ते ठरणार नाही. पुस्तकातील उदाहरणात गाळा (दोन आधारांमधले अंतर), भार आणि आधार आयते दिलेले असतात. इथे ते तुम्हालाच ठरवायचे आहेत, आणि तुम्ही जे भराल ते खरे मानूनच सॉफ्टवेअर गणित करते.

समजा, गाळा 12 मीटर, रुंदी 2 मीटर, दोन्ही कडांना एकेक आयएसएमबी 300 गर्डर (300 मिलिमीटर उंचीची प्रमाणित पोलादी तुळई) आणि गर्दीचा भार दर चौरस मीटरला 5 किलोन्यूटन आहे. पुलाचे स्वतःचे वजन तूर्त सोडून दिले, तर प्रत्येक गर्डरवर मीटरला 5 किलोन्यूटन भार येतो. वाकण्याचा ताण सुमारे 157 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर भरतो, म्हणजे साध्या पोलादाच्या 250 या मर्यादेच्या आत. मात्र गर्डर मध्यभागी जवळजवळ 78 मिलिमीटर खाली वाकतो. एवढा वाक चालत नाही, म्हणून स्क्रीनवर लाल अक्षरे येतात. ती दिसताच अनेक विद्यार्थी आधाराच्या रकान्यात 'हिंज्ड' (टोक फिरू शकणारे) काढून 'फिक्स्ड' (टोक जखडलेले) निवडतात. आकडा एका क्षणात पाचपट घटून 16 मिलिमीटरच्या आसपास येतो आणि सारे हिरवे होते. प्रत्यक्षात गर्डर दगडी बांधकामावर नुसता टेकवलेला असेल, तर रकाना बदलल्याने तो तिथे जखडला जात नाही. ही लबाडी नसते. हिरवा रंग म्हणजे उत्तर, ही सवय ठरावीक उदाहरणांनीच लावलेली असते. (छापील अहवालाच्या जाडीवर गुण देणारे आम्ही शिक्षकही त्यात आलोच.) तोच गर्डर आयएसएमबी 400 घेतला, तर आधार 'हिंज्ड' ठेवूनही वाक 33 मिलिमीटरवर येतो, पण पोलाद वाढते.

म्हणून संगणक सुरू करण्याआधी टेप घेऊन ओढ्यावर जा. पुराचे पाणी कुठवर चढते हे तिथल्या पहारेकऱ्याला विचारा, 12 मीटरचा गर्डर घेऊन येणारी गाडी आत वळेल का ते पाहा, आणि गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट कारणासह वहीत लिहा. मग तिघांच्या वह्या शेजारी ठेवा. माझा अंदाज असा की पुलांपेक्षा तुमची गृहीतकेच अधिक वेगळी निघतील. ती आधी एक करा, मग खर्च आणि देखभाल यांवर तुलना करा. सॉफ्टवेअरचा आकडा दर वेळी हाताने ताडून पाहा. वरचे सगळे गणित दोन सूत्रांत, अर्ध्या पानात बसते.