इटालियन चित्रकार कापोग्रॉस्सीच्या १९५० च्या दशकातल्या गुआश (अपारदर्शक जलरंग) चित्रांत तो काट्या-चमच्यातला काटाच पुन्हा पुन्हा का येतो? त्यात नेमकं पाहायचं काय?

तुम्हाला काटा दिसला, मला पहिल्यांदा शेतातलं दाताळं दिसलं होतं. कुणाला फणी दिसते, कुणाला पंजा. पण हा 'कशासारखं आहे' खेळ दोन मिनिटांत संपतो आणि चित्र तिथंच राहतं.

जुझेप्पे कापोग्रॉस्सी (१९००–१९७२) रोमचा. कायद्याची पदवी घेऊन चित्रकलेकडे वळलेला. पन्नाशीला टेकेपर्यंत मुख्यतः माणसं रंगवायचा, तिबेर नदीवरची, नाचणाऱ्या बायका वगैरे, आणि त्यात त्याचं नावही झालं होतं. ते सोडून १९५० साली त्याने रोममध्ये या खुणांची चित्रं मांडली. पुढची बावीस वर्षं खूण तीच. शीर्षकंही तशीच कोरडी: 'सुपेर्फीचे', म्हणजे पृष्ठभाग, आणि पुढे आकडा.

लहानपणची एक आठवण तो सांगायचा. दहा वर्षांचा असताना आईबरोबर अंधांच्या एका संस्थेत गेला होता. तिथे दोन मुलं चित्रं काढत होती. जवळ जाऊन पाहिलं तर कागदभर बारीक काळ्या खुणा, न कळणाऱ्या लिपीसारख्या. खूण ही पाहिलेल्या वस्तूचीच असायला हवी असं नाही, हे त्याला तिथे जाणवलं. ही आठवण त्याने नंतर थोडी घासूनपुसून घेतली असेल अशी मला शंका आहे, पण चित्रांना ती चपखल बसते.

आता कागदावरच्या गुआश चित्रांबद्दल. गुआश म्हणजे आपल्या शाळेतल्या पोस्टर कलरचा थोरला भाऊ: पाण्यातला, पण अपारदर्शक आणि वाळल्यावर मंद, चमक नसलेला. त्यामुळे काळ्यावर पांढरा चढवता येतो. म्हणून आधी खुणा सोडा आणि दोन दातांमधल्या फटी बघा. एका खुणेची फट हीच शेजारच्या खुणेचा दात होते, मग मागचं कोणतं आणि पुढचं कोणतं हेच ठरेनासं होतं. शीर्षकात 'पृष्ठभाग' का, ते इथे कळतं. त्याचे मोठे कॅनव्हास मला कधीकधी पडद्याच्या कापडासारखे वाटतात, सगळं फार नीटनेटकं. कागदावर मात्र हात दिसतो.

मूळ चित्र बघायला मिळालं तर कडेला उभे राहून तिरकं पाहा: खुणेतला पांढरा हा नुसता सोडलेला कागद आहे की वरून लावलेला रंग, ते लगेच कळेल.