लहान मुलांना कलासंग्रहालयात न्यावं का? नियम फार कडक असतात

सात आणि चार वर्षांची मुलं आहेत, ‘हात लावू नका, धावू नका, बॅग बाहेर ठेवा’ एवढ्या नियमांत टिकतील की मोठी झाल्यावरच न्यावं, असं तुम्ही विचारलंय. आत्ताच न्या.

मी ठाण्यात, चरईत राहते. मुलगी पाच वर्षांची असताना तिला मुंबईतल्या एका कलादालनात नेलं होतं. चित्रातला पोपट मला दाखवायला तिने बोट पुढे केलं आणि रखवालदार केवढ्याने तरी ओरडला. ती इतकी रडली की पुढे वर्षभर ‘तिकडे नको’ म्हणायची. पाच वर्षांच्या पोरीवर असं ओरडू नये, हे माझं मत आजही कायम आहे. पण निघताना मीही ‘शहाण्यासारखं वाग’ एवढंच सांगितलं होतं. शहाण्यासारखं म्हणजे नेमकं काय, ते तिला कुठून कळणार?

पुढच्या वेळी आधी घरी तयारी केली. तांब्या पितांबरीने लख्ख घासला आणि तिला घामट हाताने एका बाजूला धरायला लावला. चार-पाच दिवसांत तिथे बोटांचे काळपट ठसे उमटले. घामातल्या मिठाने आणि तेलकटपणाने धातू असा काळवंडतो. मग खिडकीतला विटलेला पडदा दाखवला. कागदावरच्या जुन्या चित्रांचे रंगही उजेडाने असेच उडतात आणि गेलेला रंग परत येत नाही, म्हणून तिथे अंधूक दिवे असतात. तेव्हापासून ‘का नाही?’ हा प्रश्न ती विचारत नाही, उलट धाकट्याला तीच समजावते.

पहिल्या भेटीसाठी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय निवडा. ठाण्याहून स्लो लोकलने सरळ जाता येतं आणि ते राणीच्या बागेतच आहे. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली ही वास्तू आहे. आत शिरण्याआधी बाहेरचा दगडी हत्ती दाखवा. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिलं ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं म्हणून उचलायला गेले, तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते जोडून १९१४ मध्ये त्याला पुन्हा उभं केलं. माझा मुलगा हात पाठीमागे बांधून त्याच्याभोवती फिरत होता आणि ‘आई, इथेपण जोडलंय!’ म्हणत सांधे शोधत होता. हात मागे बांधून चालण्याला आम्ही ‘आजोबांची चाल’ म्हणतो. चार वर्षांच्या मुलाला ती दहाच मिनिटं जमेल, मग सरळ त्याचा हात धरा.

आत सगळं बघायचा हट्ट नको. वेगवेगळ्या पेशांतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती काचेआड आहेत, तिथे मुलं आपणहून रेंगाळतात. थोरल्याला साधी वही आणि पेन्सिल द्या, स्केचपेन नको. चित्र काढलेलं चालेल का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. जाण्याआधी मुलांना पोटभर खायला घाला आणि तासाभरात बाहेर पडा. नंतर बागेत मनसोक्त हुंदडू दे.

फक्त बुधवारी जाऊ नका. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं आणि राणीची बागसुद्धा.