आश्वेच्या लाटा आणि अ‍ॅपवरचे चार तारे

तुमची पोस्ट वाचून कपाळावर हात मारला. फेब्रुवारीतला शनिवार, लाटांचा अंदाज देणाऱ्या अ‍ॅपवर 1.3 मीटर लाट आणि चार तारे, पुण्याहून रात्रभर गाडी हाकून सर्फिंगसाठी उत्तर गोव्यातल्या आश्वेला पोहोचलात आणि समोर गुडघाभर पाणी. दुपारी लाटा उठल्या, पण सगळा नुसता गोंधळ. हे सगळं मी भोगलेलं आहे. "अंदाज चुकला की आम्ही चुकलो?" असं विचारलंय तुम्ही. माझ्या मते दोन्ही नाही. अंदाज बहुधा बरोबर होता, फक्त तो आश्वेचा नव्हता.

(मी हवामानखात्यातला नाही, पोटापाण्याचा धंदा वेगळाच आहे. पेडण्याच्या किनाऱ्यावर बरीच वर्षं पाण्यात उतरतोय, एवढंच भांडवल. बोर्ड, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) वगैरे तुम्हाला माहीत असणार म्हणून ते सोडून देतो.)

जागतिक मॉडेल समुद्राचे पंधरा-पंचवीस किलोमीटरचे चौकोन पाडतं आणि अ‍ॅप त्यातला जवळचा एक तुमच्या किनाऱ्याला चिकटवतं. म्हणजे तो आकडा बाहेरच्या खोल पाण्यातला. शिवाय ती असते सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी उंची, आणि त्यात स्वेल (दूरच्या वादळाने उठून इथवर पोहोचलेल्या लाटा) आणि जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा असं सगळं एकत्र कालवलेलं. फेब्रुवारीत आपल्याकडे जे येतं त्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांचा मोठा वाटा असतो. दिशा वायव्य, पिरियड (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) सहा ते आठ सेकंद. आपला किनारा तोंड करून आहे पश्चिम-नैर्ऋत्येला. त्यामुळे या लाटा तिरक्या येतात, किनाऱ्याला घासून पुढे जातात, आणि आतमध्ये उंची निम्मीही उरत नाही.

आता माझं दुखणं. मी एका अ‍ॅपचं वर्षाचं पैसे भरून सदस्यत्व घेतलं होतं (नाव घेत नाही, उगाच भानगड नको). त्यात "स्पॉटनिहाय अचूक अंदाज" अशी जाहिरात. काही आठवडे बघितल्यावर शंका आली म्हणून मोरजी, आश्वे आणि हरमल या शेजारच्या किनाऱ्यांची तीन पानं शेजारी शेजारी उघडली. उंची तीच, पिरियड तोच, दिशेचे अंशही तेच, तारेसुद्धा तेवढेच. मोरजीला दक्षिणेकडून शापोऱ्याचं टोक आड येतं, नदीचं मुख तिथेच, तिथला वाळूचा बार (पाण्याखालचा वाळूचा उंचवटा) वेगळा. हरमलला डोंगराचा आडोसा. तिन्हीकडे एकच लाट कशी असेल? नकाशावर पिना तीन, खालचा चौकोन एक.

मी सविस्तर ईमेल केला, स्क्रीनशॉट जोडले. उत्तर आलं: अ‍ॅप अपडेट करून पाहा. केलं, पुन्हा लिहिलं. उत्तर: आमची माहिती जगातल्या अग्रगण्य मॉडेलमधून येते. अहो, तेच तर म्हणतोय मी! माझा प्रश्न होता की किनाऱ्यापर्यंतचा हिशेब तुम्ही करता का, आणि करत नसाल तर "स्पॉटनिहाय" कशाला म्हणता. तिसऱ्यांदा लिहिलं तर पहिलंच उत्तर जसंच्या तसं परत, फक्त खालचं नाव बदललेलं. तोवर पैसे परत मागायची मुदत संपली होती. त्या दरम्यान चार तारे बघून मी मित्रांना पुण्याहून बोलावलं, त्यांनी रजा टाकल्या, खोल्या आणि बोर्ड आगाऊ भाड्याने घेतले, आणि सगळे वाळूत बसून चहा पीत राहिलो. सदस्यत्वाचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत. मित्र अजून "चार तारे" म्हणून चिडवतात.

तेव्हापासून माझं मत असं की तारे बघूच नका. ते बंद करायची सोय असेल तर करून टाका. बघायचं ते स्वेलच्या सेकंदांकडे आणि दिशेकडे, आणि तेही जिथे स्वेल आणि वाऱ्याच्या लाटा वेगळ्या दाखवतात तिथे.

हिशेब सोपा आहे. लाटेची ताकद उंचीचा वर्ग गुणिले पिरियड या प्रमाणात जाते. 1.2 मीटर आणि 6 सेकंद यांचे झाले साधारण 8.6. 0.9 मीटर आणि 15 सेकंद यांचे 12. म्हणजे स्क्रीनवर लहान दिसणारी लाट प्रत्यक्षात दीडपटीच्या आसपास जोरकस. शिवाय 15 सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात साडेतीनशे मीटर, तिला तळ फार बाहेरूनच लागायला लागतो, ती वळून किनाऱ्याला समोरासमोर येते आणि उथळ पाण्यात चढते. सहा सेकंदांची लाट जेमतेम 56 मीटर लांब, तिला वळायला वेळच मिळत नाही.

असे लांब स्वेल येतात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांकडून, मुख्यतः मार्च ते मे. पंधरा-सोळा सेकंदांचा स्वेल दिवसाला हजारेक किलोमीटर कापतो, म्हणजे तिथून गोव्याला यायला सहाएक दिवस. म्हणून या दिवसांत चार-पाच दिवस आधीचा अंदाजसुद्धा बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. वाऱ्याच्या लाटांचं तसं नाही, दोन दिवसांपलीकडे मी बघतही नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचे इशारे फुकट मिळतात, ते जरूर बघा. मे 2024 च्या सुरुवातीला त्यांनी केरळपासून वरपर्यंत अशाच स्वेलचा इशारा दिला होता, मुंबईतही लोकांना किनाऱ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं.

पण लांब पिरियड म्हणजे मजाच, असंही धरू नका. आश्वेचा तळ वाळूचा आणि किनारा बराच सरळ. तिथे 16 सेकंदांचा स्वेल आला की भिंत उभी राहते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम कोसळते. याला म्हणतात क्लोजआउट, स्वार व्हायला जागाच उरत नाही. माझे तिथले चांगले दिवस 10-12 सेकंदांचे, आणि त्यात वायव्येची थोडी लाट आडवी मिसळलेली. त्या आडव्या लाटेने भिंत तुटते आणि पीक (जिथून लाट फुटायला लागते ती उंच टोकं) तयार होतात. हे आश्वेपुरतं, इतर किनाऱ्यांवरचे लोक वेगळं सांगतील आणि तेही बरोबरच असेल.

वारा: सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा) वारा असेतोवर पाणी काचेसारखं. नऊ-दहाला खारा (समुद्रावरून येणारा) वारा सुरू झाला की संपलं, एप्रिलमध्ये तर आधीच. तुम्ही दुपारी पाहिलात तो गोंधळ त्याचाच.

भरतीचं म्हणाल तर गोव्यात उधाणालाही फरक साधारण दोन मीटरचा, मुंबईसारखा चारच्या वर नाही, पण वाळूच्या बारला तेवढा पुरतो. माझा अनुभव असा की ओहोटी संपून पाणी चढायला लागलं की पहिले दोन तास सर्वांत बरे. पूर्ण भरतीला लाट थेट किनाऱ्यावर आदळते. तिथी गुणिले पाऊण म्हणजे भरतीची वेळ, हा कोळ्यांचा हिशेब मुंबईच्या आसपास बरा जुळतो, इकडे भरती थोडी आधी येते. तक्ताच बघा.

एक गोष्ट कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाही. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर समजा समुद्र शांत आहे. रापणकारांना लाट नको असते, ते उगाच जाळं टाकत नाहीत. आणि जाळं पाण्यात असताना त्याच्या दोरांच्या मधे जाऊ नका, बोर्डासकट अडकाल आणि शिव्या खाल त्या वेगळ्या. शक्य झालं तर किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. त्याने पहाटे पाठवलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ माझ्या त्या वर्षभराच्या सदस्यत्वापेक्षा जास्त कामाला आला.

जून ते सप्टेंबर उतरू नका, लाल बावटा उगाच नसतो. आणि पावसाळ्यानंतर बार नव्याने बसतो, त्यामुळे ऑक्टोबरात मागच्या वर्षीची जागा धरून जाऊ नका, आधी ओहोटीला चालत जाऊन बघा.

त्या शनिवारचा स्क्रीनशॉट असेल तर इथे टाका. ताऱ्यांचा नको, स्वेल आणि वाऱ्याच्या लाटा वेगळ्या दाखवणारा तक्ता असेल तो. बाहेर त्या दिवशी दक्षिणेचं काही होतं का तेवढं सांगता येईल.